मनुकांच्या बनवरचा आळ

१

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, सहावी-सातवीला गणित शिकवत होते, आणि आपण फार चांगलं शिकवतो असा माझा ठाम समज होता.

त्या सोमवारी शाळेत शिरले, तर फाटकाजवळच्या कँटीनला कुलूप. दारावर मुख्याध्यापिकांच्या टपोऱ्या अक्षरातला कागद: 'पुढील सूचना मिळेपर्यंत बंद.' पायरीवर कँटीनच्या मावशी बसल्या होत्या, मांडीवर रिकामा ट्रे घेऊन. ट्रे रिकामा असला की माणूस तो खाली ठेवतो. मावशींनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"काय झालं हो मावशी?"

"मी पोरांना विष घालते म्हणे," त्या म्हणाल्या. "तुमच्याच वर्गानं शोधून काढलंय, बाई."

मी धावतच जिन्याकडे गेले. शनिवारी पालकांचा दिवस होता. मुलांनी केलेले तक्ते जिन्याजवळ लावले होते, त्यात माझ्या सातवीचाही होता. वरच्या ओळीत तारखा. ज्या दिवशी आजारी मुलांच्या खोलीत आठाहून जास्त मुलं पोट धरून गेली, त्या तारखेखाली लाल ठिपका. ज्या दिवशी कँटीनमध्ये मनुकांचे बन होते, त्या तारखेखाली तपकिरी ठिपका. चार महिन्यांत अकरा लाल ठिपके आणि बरोबर त्यांच्याच खाली अकरा तपकिरी. एकही इकडेतिकडे नाही. आणि सगळ्यावर ठसठशीत मथळा: 'मनुकांच्या बनमुळे पोट दुखते.'

मथळ्याचं अक्षर 'वकील'चं होतं. ही सातवीची वर्गप्रमुख; वाद घातल्याशिवाय ती फळासुद्धा पुसत नसे. एका पालकांनी तो मथळा वाचला आणि ते तडक मोठ्या बाईंकडे गेले. मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो. शुक्रवारी संचालक मंडळ बसणार होतं, आणि कँटीन मावशींकडून काढून घ्यायचं असं जवळजवळ ठरलंच होतं.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. कारण खरी गंमत मला एकटीला ठाऊक होती. दोन गोष्टी जोडीनं येतात का, ते कसं शोधायचं, हा धडा मी मुलांना शिकवला होता. त्याचा दुसरा अर्धा भाग असा, की जोडीनं आल्या म्हणून एकीमुळे दुसरी आली असं होत नाही. तो मी पुढच्या आठवड्यावर टाकला होता.

तक्ते रंगवायचे राहिले होते ना.

२

आमच्या नर्सबाई म्हणजे इस्त्रीची घडी. मुलाचा ताप बघायच्या आधी त्याची नखं बघायच्या.

"मी कधीची सांगतेय, त्या मनुका जुन्या असणार," त्या म्हणाल्या. "पण माझं ऐकतो कोण! शेवटी तुमच्या पोरांनी ठिपके काढले तेव्हा उजाडलं सगळ्यांना."

"वही बघू का जरा?"

"बघा की. माझ्या वहीत खाडाखोड सापडणार नाही."

खाडाखोड नव्हती. वेळही नव्हती. कोण किती वाजता आलं ते नर्सबाई लिहीत नसत. नाव, इयत्ता आणि तक्रार, बस्स. मुलांनी नुसती डोकी मोजली होती, मी इयत्ता वाचायला लागले. सहावी, सातवी, सातवी, सहावी, सातवी... अकराही दिवस तेच.

"पाचवीची मुलं मनुकांचे बन खात नाहीत का हो?"

"खात नाहीत? सगळ्यांत जास्त तीच खातात! शाळा भरायच्या आधी अर्धा तास कँटीन उघडतं, तेव्हा पाचवीचीच झुंबड असते."

"मग त्यांची पोटं का नाही दुखत?"

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं, मग वही मिटली. "लहान मुलांची पोटं चिवट असतात," त्या म्हणाल्या. पण आवाजाची इस्त्री जरा मोडली होती.

बाहेर आले तर व्हरांड्यात सातवीचा 'बकासुर' भेटला. नावाप्रमाणेच होता तो, आणि त्याचं नाव वहीत एकदाही नव्हतं.

"काय रे, मनुकांचे बन किती खायचास तू?"

"चार, बाई. म्हणजे माझे चार. पाचवा मुंगीचा."

"मुंगीचा तू का खायचास?"

"तिला नको असायचा. पोट दुखत असायचं ना तिचं."

मुंगी म्हणजे पहिल्या बाकावरची इवलीशी मुलगी. अकराही दिवस नर्सबाईंच्या वहीत पहिलं नाव तिचंच होतं. आणि तिनं बनचा घाससुद्धा खाल्ला नव्हता.

३

मी तेवढ्यावरच मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंडळापुढे काय सांगू? बकासुर म्हणतो म्हणून?"

संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. शाळेच्या मागे दोन खोल्या होत्या. मावशींचे यजमान आमच्या शाळेतच शिपाई. घंटा देणं, कागद पोचवणं आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र चालवणं ही त्यांची कामं. परीक्षेचे कागद त्या यंत्रावर निघत. फार मितभाषी माणूस. चहाचा कप त्यांनी माझ्यापुढे ठेवला, तेव्हा नखांतली काळी शाई दिसली. ती त्यांच्या नखांतून कधी पुरती जातच नसे.

"मावशी, मला एकच सांगा. मनुकांचे बन रोज का नाही करत? कोणत्या दिवशी करायचे ते कसं ठरवता?"

"मनात आलं की करते."

"चार महिन्यांत अकराच वेळा मनात आलं?"

"मनुका महाग असतात हो."

मावशींना खोटं बोलता येत नसे. खोटं बोलल्या की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, आणि आता अर्धा पदर गुंडाळून झाला होता.

"मावशी, शुक्रवारी तुमचं कँटीन जाईल. काही माहीत असेल तर सांगा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. शिपाईकाका आत निघून गेले होते. मग मावशी अगदी हळू बोलल्या.

"नका विचारू, बाई. नाही सांगितलं तर एकाचीच भाकरी जाईल. सांगितलं तर दोघांची जाईल."

४

मंगळवारी मी सातवीच्या वर्गात त्या धड्याचा राहिलेला अर्धा भाग काढला.

"शाळेत ज्यांचे बूट मोठे, त्यांचं वाचन चांगलं असतं. खरं की खोटं?"

हशा. मग वकील उठली. "खरं आहे, बाई. दहावीवाल्यांचे बूट मोठे असतात."

"मग पहिलीतल्या मुलाला मोठे बूट घातले तर तो धडाधड वाचेल?"

"तो धडाधड पडेल!" मागून बकासुर.

"म्हणजे बूट आणि वाचन बरोबर चालतात, पण ओढणारं तिसरंच कुणीतरी आहे."

"वय!" चार-पाच आवाज.

"याला सहसंबंध म्हणतात. कार्यकारण वेगळं. तुमच्या घरातलं उदाहरण सांगा बघू."

एक मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा चष्मा पुसायला लागले की पेपर येतो."

"चष्मा पुसल्यामुळे येतो?"

"छे! पेपरवाल्याची सायकल वाजते लांबून. आम्हांला ऐकू येत नाही, त्यांना बरोबर येते."

"पण हे सिद्ध कसं करणार?" मी विचारलं.

वकील तर तयारच होती. "सोपं आहे. एक दिवस चष्मा लपवायचा. तरी पेपर आला, तर चष्मा निर्दोष. आणि एक दिवस पेपरवाल्याला यायला सांगायचं नाही, आजोबांना नुसता चष्मा पुसायला लावायचा. जोडी फोडायची, बाई!"

मी फळ्यावर चार चौकटी काढल्या. पेपर आला, नाही आला. चष्मा पुसला, नाही पुसला. मुलं भरायला लागली आणि माझं मात्र लक्ष उडालं. बनची जोडी फोडायची असेल तर बन आणि पोटदुखी या दोघांना ओढणारं तिसरं कोण, ते आधी सापडायला हवं होतं.

घरी जाऊन मी माझी डायरी काढली. नर्सबाईंच्या वहीतल्या अकरा तारखा एका कागदावर लिहिल्या होत्या, त्या एकेक ताडून पाहिल्या. पहिल्या तारखेपाशी एक बारीकशी फुली होती. दुसरीपाशी फुली. तिसरीपाशीही.

माझी एक रीत होती. मी परीक्षा घ्यायचे ती न सांगता. मुलांनी कायम तयार असावं असा माझा हट्ट. आदल्या दिवशी दुपारी बंद पाकिटात कागद शिपाईकाकांकडे द्यायचे, दुसऱ्या दिवशी सहावी-सातवीला एकदम परीक्षा. मी आणि काका सोडून जगात कुणाला पत्ता नसे. डायरीतसुद्धा मी 'परीक्षा' असं लिहीत नसे. नुसती फुली करायचे.

अकराच्या अकरा तारखांना फुली होती.

५

बुधवारी सकाळी मी मोठ्या बाईंना म्हटलं, "दोन दिवस द्या. उद्या मावशींना बन भाजू द्या."

"आणि पोरं पुन्हा आजारी पडली म्हणजे?"

"भाजायचे, विकायचे नाहीत. साठ बन, मोजून तुमच्या टेबलावर. एक कण कुणाच्या तोंडात जाणार नाही."

त्यांनी टेबलावर पेन्सिल दोनदा आपटली. "बरं. पण टेबल माझं आहे, त्यावर कागद पसरा."

त्याच दिवशी मी जोडीचा एक धागा तोडला. कागद छापायला दिलेच नाहीत. तिसऱ्या तासाला वर्गात शिरले आणि सरळ फळ्यावर प्रश्न लिहिले. सहावीलाही तेच. त्या सकाळी नर्सबाईंकडे एकच मूल गेलं होतं, तेही कान दुखतो म्हणून. परीक्षा होती, बन नव्हता, आणि पोटं ठणठणीत होती. सगळा वर्ग मात्र माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच खेळताना लबाडी केली आहे.

गुरुवारी दुसरा धागा. परीक्षा नाही, नुसते बन. कँटीनच्या बरोबर वर सातवीचा वर्ग होता. शाळा भरली आणि खिडकीतून तो वास आला: गरम लोणी, साखर, भट्टीत फुगलेल्या मनुका. मलाच भूक लागली. मी अपूर्णांक शिकवत होते. पाच मिनिटं झाली असतील-नसतील, मुंगीनं हात वर केला.

"बाई... पोट."

मधल्या सुट्टीपर्यंत चौदा जण झाले. नर्सबाई मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या त्या दार न वाजवताच. "बघा! बघा! मी म्हणत नव्हते? चौदा! पुन्हा त्या बननं..."

मोठ्या बाईंनी नुसतं बोट केलं. टेबलावर कागद पसरलेला होता आणि त्यावर साठच्या साठ बन.

नर्सबाई मटकन खुर्चीत बसल्या.

मला वाटलं, जिंकले. पण मोठ्या बाई तीस वर्षं शाळेत होत्या. त्यांनी पेन्सिलीनं कागदाच्या कोपऱ्यावर चार चौकटी काढल्या.

"परीक्षा होती, बन नव्हता: सगळे ठीक. बन होता, परीक्षा नव्हती: चौदा आडवे. तुमच्याच चौकटी आहेत या. मग सांगा, गुन्हेगार कोण?"

चौकटी खोटं बोलत नव्हत्या. मी मावशींना सोडवायला गेले आणि माझ्याच हातानं दोर घट्ट करून बसले होते.

६

मी आजारी मुलांच्या खोलीत गेले. मुंगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कुठे दुखतंय ग?"

"इथं." बेंबीच्या वर.

"कधीपासून?"

"वास आल्यापासून."

"तुला बन आवडत नाही का?"

"आवडतो. खूप आवडतो." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं ती म्हणाली, "पण त्याच्यामागून तुम्ही येता ना."

मी तिच्या कॉटवर बसले. एवढी वर्षं झाली, पण ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

वर्गात गेले तेव्हा मी वकीलला उभं केलं. "बनचा वास आला की माझी परीक्षा असते, हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, बाई!"

"मग तक्त्यात का नाही लिहिलंस?"

"तुम्ही म्हणालात, पोटदुखीबरोबर काय येतं ते शोधा. परीक्षेबरोबर काय येतं ते कुठं विचारलंत?" एवढं बोलून ती एकदम थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. हुशार मुलीला स्वतःची चूक कळते तेव्हाचा चेहरा बघवत नाही. "बाई... बन म्हणजे चष्मा पुसणं."

"हो."

"आणि पेपरवाला तुम्ही."

"हो, बाळा."

"पाचवीला तुम्ही नाही शिकवत. म्हणून त्यांना वास आला तरी..." ती रडायलाच लागली. "मावशींचं कँटीन मी घालवलं."

"अजून गेलेलं नाही. आणि घालवलंच असेल तर आपण दोघींनी. चल माझ्याबरोबर."

७

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही सहा जण होतो: मोठ्या बाई, नर्सबाई, वकील, मी, आणि दाराशी मावशी नि शिपाईकाका. वकील बोलली, मी मध्ये पडले नाही. पाचवीची मुलं भट्टीच्या शेजारी बसतात, वास त्यांनाच सगळ्यांत जास्त. त्यांच्यातलं एकही आजारी नाही. बकासुरानं पाच खाल्ले, त्याला काही नाही, कारण त्याला शून्याचीही भीती नाही. मुंगीनं एकही खाल्ला नाही, आणि ती रोज पहिली.

"आणि बुधवारी?" मोठ्या बाईंनी विचारलं. "परीक्षा तर होती."

"पण आम्हांला कुणाला कळलंच नव्हतं! वास नव्हता ना. घाबरायला वेळच मिळाला नाही. बन पोट दुखवत नाही, बाई. बन फक्त निरोप आणतो."

"हे पटलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण निरोप बनकडे कसा गेला? ज्या परीक्षेचा पत्ता दोघांनाच, तिचा वास शाळाभर?" आणि त्यांनी शिपाईकाकांकडे पाहिलं.

काकांचा चेहरा कागदासारखा झाला. मी घाईघाईनं म्हटलं, "गुपित ठेवायचा हट्ट माझा होता. काय ठपका असेल तो माझ्यावर..."

"थांबा, बाई." मावशी पुढे आल्या. पदर सोडलेला, हात मोकळे. "ह्यांनी मला कधी एक शब्द सांगितला नाही. मुलांची शपथ. ते यंत्र चालवलं की ह्यांच्या हाताची शाई त्या रात्री काही निघत नाही. मग संध्याकाळी जेवताना हे चमचा मागतात. चमचा मागितला की मी समजते, उद्या पोरांची कसोटी. मग मनुका भिजत घालते. काहीतरी गोड पोटात गेलं तर धीर येईल त्यांना, एवढंच होतं माझ्या मनात."

मग शिपाईकाका पहिल्यांदा बोलले, बायकोकडे वळून.

"म्हणजे मी चमचा मागितला की?"

"मग!"

"मला वाटायचं, चमच्यानं जेवलो की दुसऱ्या दिवशी तुझा मूड चांगला असतो."

मोठ्या बाईंना हसू आवरेना. नर्सबाईसुद्धा हसल्या, आणि ते आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. ते यंत्र वर्षभरात माझ्या परीक्षांशिवाय कुणासाठी चालतच नसे; बाकीच्यांचं फळ्यावर भागत होतं. माझी परीक्षा, काकांची शाई, चमचा, मनुका, वास, मुंगीचं पोट: एकेक कडी खरी होती. बन त्या साखळीत होता, पण टोक माझ्या हातात होतं.

"आता पुढे काय?" मोठ्या बाईंनी मला विचारलं.

"परीक्षा आधी सांगून घेईन. दर शुक्रवारी. गुपितच नसेल तर फुटेल काय?"

"आणि मंडळाला काय सांगू? त्यांना दोषी लागतो."

"सांगा, दोषी सापडली. सहावी-सातवीला गणित शिकवते."

त्यांनी हात लांब करून समोरच्या ढिगातला एक बन उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा मला दिला. "मंडळाला मी हेच सांगते," त्या म्हणाल्या. "चार सभासदांसाठी चार बाजूला काढा. बाकीचे वाटून टाका, थंड होताहेत."

शनिवारी कँटीन उघडलं.

मोठ्या बाई आणखी सहा वर्षं होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा पेन्सिल मात्र टेबलावर विसरून गेल्या. आता त्या नाहीत. नर्सबाईंनी त्या आठवड्यापासून वहीत दोन रकाने वाढवले, एक वेळेचा आणि एक 'काल काय झालं?' असा, त्या रकान्यापायी त्यांना मुलांच्या इतक्या गोष्टी कळल्या की नखं बघायचं राहून जाऊ लागलं. मावशींनी एकोणीस वर्षं कँटीन चालवलं. त्याही आता नाहीत; काका त्यांच्या आधी दोन वर्षं गेले. वकील वकील झाली नाही, जनावरांची डॉक्टर झाली. म्हणते, माझे रोगी उलट बोलत नाहीत, पण दुखण्याचं कारण त्यांनाच विचारावं लागतं. बकासुर मोठेपणी सडपातळ झाला, हे मला आजही पटत नाही. मुंगीला गणित कधीच फारसं जमलं नाही. ती कपडे बेतते, मोठमोठ्या नाटकमंडळींचे, आणि तिचं माप बोटभरसुद्धा चुकत नाही.

मी पुढे सव्वीस वर्षं शिकवलं. त्या गुरुवारनंतर मला एक सवय लागली. वर्गात शिरताना दार वाजवायचे. वर्ग माझा, दार सताड उघडं, तरी बाहेर थांबून दोनदा टकटक करायचे. आपण येतोय ते आत बसलेल्यांना आधी कळावं, म्हणून. पहिली एक-दोन वर्षं मुलं गोंधळून उभी राहायची. पुढे पुढे सोकावली. मी टकटक केलं की आतून चाळीस जण एका सुरात ओरडायचे,

"घरी कोणी नाही!"